कुत्र्याचें कांपणें : शेकोटी पेटविण्यापूर्वीं काय पाहावें

गाय आजारी पडली म्हणजे शेतकरी तिच्या कानाला हात लावतो, ती रवंथ करते कीं नाहीं हें पाहतो, शेण पातळ कीं घट्ट याची चौकशी करतो, आणि मग काय करावयाचें तें ठरवितो. परंतु राखणीचें कुत्रें कांपूं लागलें कीं यांपैकीं कांहींच होत नाहीं. त्याला थंडी वाजते असें पाहणारा प्रत्येक जण म्हणतो. शेकोटी पेटते, अंगावर गोणपाट पडतें आणि कोमट दुधाची वाटी पुढें येते. थंडीच असेल तर या उपचाराला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण कुत्र्याच्या कांपण्याचीं कांहीं कारणें अशीं आहेत कीं, त्यांत त्याचें शरीर आधींच भट्टीसारखें तापलेलें असतें. अशा कुत्र्याला शेकोटीशीं नेऊन निजविणें म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणें होय. बाहेरून पाहतां दोन्ही कुत्रीं सारखींच कांपतात. त्यांतला भेद घरच्या घरीं कसा ओळखावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मळ्यांत वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबास कुत्र्याची किंमत सांगावयास नको. रात्रीं रानडुकरें पिकांत शिरलीं, अनोळखी माणूस बांधावर आला, किंवा उसांत बिबट्याची चाहूल लागली, तर पहिली वर्दी तेंच देतें. परंतु तें बहुधा विकत घेतलेलें नसतें. कोणाच्या तरी दारीं जन्मलेलें पिलूं आणून वाढविलेलें असतें. त्यामुळें त्याचा आंकडा हिशेबाच्या वहींत कोठेंच नसतो. बैलाच्या औषधासाठीं अपरात्रीं गाडी काढणारा मनुष्य कुत्र्याबद्दल 'सकाळीं पाहूं' असें म्हणतो, याचें कारण निष्ठुरपणा नसून हेंच असावें असें आम्हांस वाटतें. पण पुढें सांगितलेल्या कांहीं दुखण्यांत सकाळपर्यंत अवधि मिळत नाहीं.

कांपणें हा रोग नव्हे. तें लक्षण आहे. स्नायु आकुंचन पावला कीं उष्णता उत्पन्न होते. शरीर थंड पडूं लागलें म्हणजे मेंदूंतील उष्णतेचें नियमन करणारें केंद्र स्नायूंना लहान लहान व जलद आकुंचनें करावयास लावतें, आणि त्या उष्णतेवर शरीर तग धरतें. हें कांपणें उपयोगाचें आहे. पण स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूंतच विषानें, रक्तांतील कॅल्शियम कमी झाल्यानें किंवा मेंदूच्या रोगानें बिघाड झाला, तरीही स्नायु कांपतात व उष्णता तयार होतेच. मात्र ती शरीरास नको असलेली उष्णता असते. मनुष्याला सर्वांगास घाम येऊन अशी उष्णता बाहेर टाकतां येते. कुत्र्याला घाम येतो तो पायांच्या गाद्यांना, व तोही अगदीं थोडा. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. तो अपुरा पडला कीं अंगांतील उष्मा भराभर चढूं लागतो.

आपल्या भाषेनें हा भेद फार पूर्वींच केला आहे. थंडीनें भरते ती हुडहुडी, तापाच्या आधीं येतें तें हिंव, भीतीनें होतो तो थरकांप. अशक्तपणानें पाय लटपटतात, आणि अंग ताणून येतात ते आचके. माणसाच्या बाबतींत हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं वापरीत नाहीं. कुत्र्याच्या बाबतींत मात्र सगळ्यांस मिळून 'कांपतंय' हा एकच शब्द पुरतो.

भेद ओळखण्याचें साधन म्हणजे थर्मामीटर होय. नाक गार कीं गरम यावरून ताप ठरवावा, असें सर्वत्र सांगितलें जातें. त्यांत तथ्य नाहीं. उन्हांत निजलेल्या निरोगी कुत्र्याचें नाकही कोरडें व गरम लागतें. हातानें अंग पाहूनही फसगत होते, कारण कुत्र्याचें स्वाभाविक उष्णतामान आपल्यापेक्षां जास्त, म्हणजे १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट असतें. आकड्यांचा थर्मामीटर औषधांच्या दुकानांत सहज मिळतो. तो जनावरांसाठीं निराळा ठेवावा व त्यावर खूण करावी. टोंकास खोबरेल लावून शेंपूट वर धरावें व टोंक सुमारें एक इंच गुदद्वारांत सरकवून शिटी वाजेपर्यंत धरून ठेवावें. एकानें डोकें धरावें व दुसऱ्यानें हें काम करावें. कुत्रें चावण्याच्या बेतांत असेल, किंवा त्याला आचके येत असतील, तर हा खटाटोप करूं नये.

त्याच वेळीं ओंठ उचलून हिरड्या पाहाव्या. निरोगी हिरडी गुलाबी असते; बोटानें दाबून सोडल्यास ती पांढरी पडते व दोन सेकंदांच्या आंत पुन्हां रंगावर येते. कुत्र्यास नांवानें हांक मारून पाहावी. भ्यालेलें किंवा गारठलेलें कुत्रें मान वळवितें, शेंपूट हलवितें. विष चढलेलें कुत्रें पुष्कळदां धन्यासही ओळखीत नाहीं. डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडांतील लाळ व श्वास यांकडेही नजर टाकावी. या सगळ्यास पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. मात्र जबडा लोंबत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा वागणें एकाएकीं बदललें असेल, तर तोंडाला हातच लावूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

आतां खरी हुडहुडी. निफाडच्या बाजूस कांहीं हिंवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सियसच्याही खालीं उतरतो, आणि द्राक्षबागेंत अगर गव्हाच्या शेतांत रात्रीं पाण्याच्या पाळीबरोबर फिरणारें कुत्रें ओलें होऊन येतें. ओल्या केंसांतून उष्णता फार लवकर निघून जाते. मुधोळ किंवा कारवान जातीच्या कुत्र्यांचे केंस आंखूड व अंगावर चरबी थोडी, म्हणून तीं आधीं गारठतात. धनगरांच्या केंसाळ कुत्र्यांना त्याच थंडींत कांहीं होत नाहीं. म्हातारीं, रोडावलेलीं व जंतांनीं पोखरलेलीं कुत्रींही लवकर कांपतात. थर्मामीटर ९९ च्या खालीं दाखवीत असेल, तर प्रथम अंग कोरड्या फडक्यानें पुसावें, खालीं पोत्याची किंवा पेंढ्याची जाड बैठक करावी, वर घोंगडी टाकावी, आणि कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून छाती व पोटाशेजारीं ठेवाव्या. पाय चोळूं नयेत. शेक धडास द्यावा. जाळाच्या अगदीं जवळ निजविलेल्या बधिर कुत्र्याला कातडी भाजलेलीही कळत नाहीं. ब्रँडी पाजण्याची किंवा चोळण्याची चाल अगदीं चुकीची आहे. दारूनें कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावतात व उरलीसुरली उष्णताही बाहेर जाते.

एक गोष्ट येथें मुद्दाम सांगावयाची आहे. गारठलेल्या कुत्र्याचें कांपणें थांबलें म्हणजे तें सुधारलें असें समजूं नये. उष्णतामान ९० च्या आसपास उतरलें कीं स्नायूंची कांपण्याची शक्तीच संपते. कुत्रें निपचित पडतें, श्वास मंद होतो, आणि पाहणाऱ्यास 'आतां शांत झोंप लागली' असें वाटतें. हुडहुडी भरलेलें कुत्रें हें या शांत कुत्र्यापेक्षां पुष्कळ बऱ्या स्थितींत असतें. नुकत्याच जन्मलेल्या पिलांची गोष्टही अशीच आहे. पहिल्या आठवड्यांत त्यांना कांपतांच येत नाहीं. आईची ऊब हीच त्यांची उष्णता. बाजूस पडलेलें गार पिलूं कांपत नाहीं म्हणून तें ठीक आहे असें मानूं नये, व तें गार असतांना त्याच्या तोंडांत दूध घालूं नये. थंड पडलेल्या आंतड्यांत दूध पचत नाहीं. आधीं ऊब, मग दूध, हाच क्रम.

याच्या नेमका उलट प्रकार विषाचा. २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगाईंची धाड पडली, आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पुष्कळ शेतांत पसरल्या गेल्या. गोगलगाईस आकर्षण वाटावें म्हणून या गोळ्यांत कोंड्यासारखें खाद्य मिसळलेलें असतें. दुर्दैवानें तें कुत्र्यासही रुचतें. पोटांत गेल्यापासून साधारणतः अर्ध्या ते तीन तासांत कुत्रें बेचैन होतें, धापा टाकतें, सर्वांग थरथरूं लागतें, आणि जराशा आवाजानें वा स्पर्शानें तें कांपणें वाढतें. स्नायूंच्या या अखंड श्रमानें उष्णतामान १०७ च्याही वर जाऊं शकतें. पाऊस चालू असतो, कुत्रें ओलें असतें, हवा गार असते. अशा वेळीं तें चुलीजवळ नेलें जातें, व ज्या उष्णतेनें तें मरावयाचें तीच आपण वाढवितों. या विषावर उतारा म्हणून ठराविक असें औषध नाहीं. पशुवैद्य स्नायु सैल करणारीं औषधें देतात, शीर धरून सलाइन लावतात व अंग थंड ठेवतात. वेळेवर नेलेलीं कुत्रीं वांचतात. गोळ्या ढिगानें टाकूं नयेत, विरळ पसराव्या. त्या दिवसांत कुत्रें बांधून ठेवावें, व उरलेली पिशवी गोठ्याच्या वळचणीस न खोंवतां कुलुपांत टाकावी. गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें बांधाकडेस अंथरून त्यांखालीं जमलेल्या गोगलगाई सकाळीं वेंचणें हा कष्टाचा पण निर्धोक उपाय आहे, आणि लहान क्षेत्रास आम्ही तोच पसंत करूं.

कीटकनाशकांच्या विषबाधेची ओळख निराळी. ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट वर्गांतील औषध पोटांत गेलें अगर अंगावर सांडलें तर लाळेच्या तारा लागतात, डोळ्यांतून पाणी वाहतें, जुलाब होतात, बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या बारीक होतात, आणि कातडीखालचे स्नायु ठिकठिकाणीं फडफडतात. फवारणीचा पंप धुतलेलें पाणी ज्या डबक्यांत ओततात तेथें कुत्रें पाणी पितें, हें पुष्कळांच्या लक्षांतच येत नाहीं. फोरेटच्या विक्रीस व वापरास ३१ डिसेंबर २०२० पासून देशांत बंदी आहे. तरी जुने डबे माळ्यावर पडलेले आढळतात, आणि रानडुकरांसाठीं पिठांत कालवून ठेवलेलें असलें विष बहुतेक वेळां खातें तें शेजाऱ्याचें कुत्रें. अंगावर औषध सांडलें असेल तर हातमोजे घालून साबण व पुष्कळ पाणी यांनीं कुत्रें धुवावें. अॅट्रोपिन हें यावरचें औषध आहे, परंतु त्याची मात्रा ठरविणें पशुवैद्याचें काम. गुरांच्या गोचिडांसाठीं आणलेलें औषध अंदाजानें पाण्यांत मिसळून कुत्र्याच्या अंगास फांसल्यानेंही कांपरें भरतें. त्यासही प्रथमोपचार धुण्याचाच.

उंदरांसाठीं वापरलें जाणारें झिंक फॉस्फाइड जठरांतील आम्लाशीं मिसळलें म्हणजे विषारी वायु सुटतो. कुत्र्याच्या तोंडास लसणीसारखी किंवा सडक्या मासळीसारखी घाण येते. ही ओकारी बंद खोलींत झाली तर माणसासही तो वायु बाधतो, म्हणून कुत्र्यास उघड्यावर ठेवावें व ओकारीवर वांकून वास घेऊं नये. विष उतरविण्यासाठीं दूध, तूप अगर तेल पाजण्याची सार्वत्रिक चाल येथें विशेष अपायकारक आहे. स्निग्ध पदार्थानें हें विष अंगांत अधिक भिनतें. एकंदरींत कांपूं लागलेल्या कुत्र्याच्या तोंडांत कांहींही ओतूं नये, व मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्नही करूं नये. त्याला गिळण्याचें भान नसतें. ओतलेलें पाणी फुप्फुसांत जातें.

आतां व्यालेल्या कुत्रीचें दुखणें सांगतों, कारण यांत आपल्या गुरांच्या अनुभवानेंच शेतकरी चुकण्याचा संभव आहे. दुभत्या गाईस व्याल्यावर दुग्धज्वर होतो तो रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं उतरल्यानें. गाय मलूल होते, अंग सैल पडतें, कान गार लागतात, मान पोटाकडे वळवून ती बसून राहते. कुत्रीसही याच कारणानें दुखणें होतें, पण रूप अगदीं उलट. बहुधा व्याल्यावर दोन ते चार आठवड्यांनीं, पिलें जोरानें पिऊं लागलीं म्हणजे, ती धापा टाकते, पिलांना जवळ येऊं देत नाहीं, पाय ताठ टाकीत चालते, मग थरथरूं लागते आणि शेवटीं आचके येतात. तिचें अंग थंड पडत नाहीं. तें १०५, १०६ अंशांपर्यंत तापतें. लहान बांध्याची कुत्री व पुष्कळ पिलें असतील तर हें अधिक संभवतें. बाळंतिणीला वारा लागला अशी समजूत करून तिला गोधडींत गुंडाळतात. तसें करूं नये. पिलें ताबडतोब वेगळीं करावीं, तिला सावलींत मोकळ्या हवेंत ठेवावें व लगेच दवाखान्यांत न्यावें. कॅल्शियम शिरेंतून अगदीं सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत ऐकत द्यावें लागतें. घाईनें दिल्यास हृदय बंद पडतें. म्हणून गाईसाठीं घरांत असलेली बाटली स्वतः टोंचण्याचें धाडस कोणीं करूं नये. योग्य उपचार झाला तर कुत्री फार लवकर उठून बसते. एक दिवसपर्यंत पिलांना बाहेरचें दूध द्यावें. गाभण असतांना कॅल्शियमच्या गोळ्या भरपूर चारल्यानें हें टळत नाहीं, उलट संभव वाढतो. कारण हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची संवय मोडते.

उष्णतामान १०५ च्या वर असून अंग जोरानें थरथरत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवरच थंड करण्यास आरंभ करावा. विहिरीचें साधें पाणी पोट, मांड्या व पाय यांवर ओतावें आणि वारा घालावा. बर्फ लावूं नये, आणि ओलें गोणपाट अंगावर झांकून ठेवूं नये, कारण त्याखालीं उष्मा कोंडतो. पारा १०३ वर आला कीं पाणी ओतणें थांबवावें; नाहींतर तो खालीं घसरतच जातो.

हिंव भरून कांपणें हा प्रकार या दोहोंच्या मधला. गोचिडांपासून होणाऱ्या तापांत कुत्रें खाणें सोडतें, हिरड्या फिकट पडतात, कधीं लघवी गडद तांबूस होते, व ताप चढतांना अंग कांपतें. येथें पाणी ओतण्याची घाई नको व शेकोटीही नको. सावली, प्यावयास पाणी आणि दुसऱ्या दिवशींच रक्ततपासणी. माणसाच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊं नयेत. त्यांपैकीं कांहींनीं त्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. लस न टोंचलेल्या तीन ते सहा महिन्यांच्या पिलास ताप, नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, आणि कांहीं दिवसांनीं एखाद्या पायाचें किंवा जबड्याचें ठरावीक तालांत उडणें दिसलें, तर तो डिस्टेंपर समजावा. थंडीचें कांपणें झोंपेंत ऊब मिळाली कीं थांबतें. हें उडणें गाढ झोंपेंतही चालू राहतें. तेथवर गेलेल्या रोगावर खात्रीचा उपाय नाहीं. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लस टोंचून घेणें एवढेंच हातीं आहे.

फटाक्यांनीं अगर ढगांच्या गडगडाटानें होणाऱ्या थरकांपाबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. आवाज थांबला कीं तो थांबतो. कुत्र्यास घराच्या आंतल्या बाजूस राहूं द्यावें व रागावूं नये. मात्र बांधून ठेवूं नये, फास बसून घेतात. उष्णतामान ठीक असून कुत्रें पाठ वांकवून उभें राहतें व हात लावतां कळवळतें, तर कांपणें वेदनेचें आहे, आणि मग दुखतें कोठें तें शोधावें.

तोंडाला हात लावूं नये असें वर म्हटलें तें पिसाळण्याच्या रोगासाठीं. त्यांतही कुत्रें कांपतें, लाळ गाळतें, आणि जबडा लोंबल्यामुळें घशांत हाड अडकलें असें वाटतें. हाड काढण्यासाठीं घातलेल्या हातास लाळ लागते. अशा कुत्र्यास दारें लावून एकटें कोंडावें व पशुवैद्यास बोलवावें. कोणास चावा, ओरखडा अगर जखमेवर लाळ लागली असल्यास ती जागा वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद वा चुना भरूं नये, आणि कुत्र्याचें काय होतें याची वाट न पाहतां त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत लस सुरू करावी. माणसांत हा रोग एकदां प्रकट झाला म्हणजे जवळजवळ नेहमींच प्राणघातक ठरतो. तत्पूर्वीं लस घेतल्यास टळतो.

दवाखान्यांत निघतांना विषाचा संशय असेल तर त्या औषधाचें वेष्टण किंवा डबा बरोबर न्यावा; त्यावरील नांवावरून पशुवैद्याचा अर्धा वेळ वांचतो. ओकारी झाली असल्यास ती लांकडाच्या चिपेनें उचलून झांकणाच्या बरणींत घ्यावी. कांपणें किती वाजतां सुरू झालें, थर्मामीटरनें काय दाखविलें, शेवटचें खाणें काय होतें, कुत्री असल्यास ती केव्हां व्याली आणि पिलें किती, हें एका कागदावर लिहून न्यावें. वाटेंत कुत्र्यास अंधारांत व शांत ठेवावें, कारण मेटाल्डिहाइडसारख्या विषांत मोटारीचा कर्णाही झटका आणण्यास पुरतो.